सेल सोबत मिळतात का?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. कॉम्प्युटर हा माझा विषय नाही. तरीही गेल्या वर्षी आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना पायथॉन शिकवायचं ठरलं, तेव्हा लॅबच्या मशीनवर काय काय टाकून ठेवायचं हे ठरवणाऱ्या चौघांत माझं नाव आलं. लॅबमधलं इंटरनेट मनात येईल तेव्हा चालतं. त्यामुळे सुट्टीत एकदा जे भरून ठेवू, तेवढंच मुलांना वर्षभर मिळणार होतं. "भाषेच्या दृष्टीनं काय लागेल ते तुम्ही सांगा," असं मुख्याध्यापक म्हणाले. म्हणून मी या विषयात शिरलो आणि नंतर त्यातच रमलो. कारण हा प्रश्न कॉम्प्युटरचा आहे असं म्हणतात खरं, पण मला तो अभ्यासक्रमाचा वाटला. कोणाच्या पदरात काय बांधून द्यायचं, आणि ते कोणी ठरवायचं?

आधी शब्द समजून घेऊ. प्रोग्रामिंगच्या भाषेला व्याकरण असतं, तेही मोजकंच. चार-सहा महिन्यांत मुलं ते शिकतात. पण व्याकरण आलं म्हणून कोणाला अर्ज लिहिता येतो का? त्यासाठी शब्द लागतात, मायना लागतो, नमुने लागतात. तसंच तारीख मोजायची, फाइल उघडायची, सरासरी काढायची, इंटरनेटवरून काही आणायचं, तर त्याचा कोड कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. त्या तयार कोडच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. यातल्या काही लायब्रऱ्या भाषेबरोबरच येतात, तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. बाकीच्या नंतर वेगळ्या आणाव्या लागतात.

भाषेबरोबर कोणत्या द्यायच्या आणि कोणत्या बाहेर ठेवायच्या, यावर जगभरचे प्रोग्रामर गेली तीस वर्षं वाद घालत आहेत.

पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. तिच्या लोकांनी एक घोषवाक्य मिरवलं. मराठीत सांगायचं तर, सेल सोबत दिले आहेत. मुलांसाठी खेळण्यातली गाडी आणावी, घरी येऊन डबा उघडावा आणि बारीक अक्षरात 'सेल वेगळे घ्यावेत' असं दिसावं, तेव्हा मुलाचा चेहरा कसा होतो हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पायथॉनचं म्हणणं असं की आमच्याकडे तसं होणार नाही. डबा उघडा आणि गाडी चालवा. ईमेल वाचायचा आहे? त्याचं मॉड्यूल आत आहे. झिप फाइल? आत आहे. त्या काळात ही मोठीच सोय होती. एकेक लायब्ररी शोधणं, ती आपल्या मशीनवर बसवणं हे दिवसाचं काम असायचं.

पुढे दिवस बदलले. २००३ मध्ये पायपीआय नावाचं सार्वजनिक भांडार सुरू झालं. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रकल्प आहेत. आणि २०१४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.४ पासून डब्यात पिप नावाचं साधन येऊ लागलं. त्याचं काम एवढंच की भांडारातून हवी ती लायब्ररी आणून द्यायची. म्हणजे सेलबरोबर डब्यात दुकानाची वाटही ठेवली. मग साहजिकच प्रश्न आला. दुकान दोन पावलांवर असेल, तर डबा एवढा जड कशाला?

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत प्रोग्रामर आहे. ईदला घरी आला तेव्हा मी त्याच्यापुढे हा विषय काढला. तो म्हणाला, "मामू, तुम्ही डब्यात ठेवता ते फुकट पडत नाही. आत ठेवलेलं प्रत्येक मॉड्यूल कोणीतरी सांभाळावं लागतं. लिहिणारा लिहून निघून जातो. नंतर आलेल्यांनी ते वर्षानुवर्षं दुरुस्त करायचं."

मला एकदम वक्फ आठवला. एखादा भला माणूस विहीर किंवा सराय वक्फ करतो आणि दुनियेतून जातो. वक्फ केलेली चीज परत घेता येत नाही. तिची डागडुजी, तिचा हिशेब मुतवल्लीच्या गळ्यात. देणाऱ्याची नियत नेक असते, लोकांना फायदाही होतो. पण शंभर वर्षांनी सरायसमोरून काफिलेच जात नसतील, तर मुतवल्लीनं काय करावं? भिंती पडू द्याव्यात, की खर्च करून रिकामी सराय उभी ठेवावी? स्टँडर्ड लायब्ररी सांभाळणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच होता.

पायथॉनमध्ये कोणताही मोठा बदल करायचा तर आधी लेखी प्रस्ताव मांडावा लागतो. त्याला पेप म्हणतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. पेप ५९४ हा ख्रिश्चन हाइम्स आणि ब्रेट कॅनन यांचा प्रस्ताव. त्याचा विषय 'मेलेले सेल काढून टाकणे'. २०१९ मध्ये तो मांडला, २०२२ मध्ये मंजूर झाला. त्यानंतर लोकांना आधी इशारा देण्यात आला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ मधून एकोणीस मॉड्यूल प्रत्यक्ष काढली गेली. म्हणजे काढायला पाच वर्षं लागली. घरात सून आणायला एक दिवस लागतो आणि कपाटातलं जुनं भांडं काढायला पाच वर्षं, असं आमची आई म्हणायची, ते इथेही लागू पडलं.

काढलेल्यांत काय होतं? टेलनेट होतं, ज्याच्या जागी आता सुरक्षित साधनं आली आहेत. युजनेटच्या बातम्या आणणारं होतं. पासवर्ड गुप्त करण्याची जुनी पद्धत होती. आज ती वापरणं धोक्याचं आहे. सन कंपनीच्या जुन्या ध्वनिफायली वाचणारं होतं. एकेकाळी या सगळ्यांची गरज होती. पण आत ठेवलेल्या वस्तूची एक गंमत असते. ती आत आहे म्हणून लोकांना ती चांगलीच वाटते. नवशिका मुलगा डब्यात सापडलेली पासवर्डची जुनी पद्धत विश्वासानं वापरतो, कारण ती अधिकृत दिसते. मोठ्यांनी हातात दिलेलं मूल तपासून घेत नाही. म्हणून नुसतं ठेवणं म्हणजे एक प्रकारची ग्वाही देणं असतं, आणि ग्वाहीची जबाबदारी असते.

दर्स-ए-निज़ामीबद्दल ज्यांनी ऐकलं-वाचलं आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निज़ामुद्दीन यांनी तो अभ्यासक्रम बांधला. त्या काळासाठी ती अतिशय शहाणपणाची निवड होती. पण मन्तिक आणि फलसफ्याच्या जुन्या किताबी त्यात किती ठेवायच्या आणि नव्या कोणत्या घ्यायच्या, हा वाद आजही संपलेला नाही. आत गेलेली किताब बाहेर काढताना तिच्याबरोबर उस्तादांच्या पिढ्यांचा मानही निघतो की काय, असं लोकांना वाटतं. कोडचंही तसंच असतं. कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी कचेरीत त्या जुन्या मॉड्यूलवर अजून काम चाललेलं असतं.

या सगळ्या प्रस्तावात मला सर्वांत आवडली ती एका न काढलेल्या मॉड्यूलची गोष्ट. वेव्ह नावाचं मॉड्यूल साध्या ध्वनिफायली लिहिता-वाचायला उपयोगी पडतं. आवाजाशी संबंधित इतर मॉड्यूल निघाली, हे राहिलं. का? डेव्हिड बीझली नावाच्या पायथॉनच्या जाणकार शिक्षकाचं म्हणणं प्रस्तावातच नोंदवलेलं आहे. ते असं की हे मॉड्यूल लहान मुलांना शिकवायला सोपं आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलानं कॉम्प्युटरमधून स्वतः आवाज काढणं याच्यासारखी गोडी लावणारी दुसरी गोष्ट नाही. वेव्हला ज्या दोन मॉड्यूलचा आधार होता तीही निघाली, तेव्हा त्यातला लागणारा भाग वेव्हच्या आतच हलवला गेला. अब्जावधींच्या कंपन्या ज्या भाषेवर चालतात, तिच्या डब्यात एक वस्तू नऊ वर्षांच्या मुलासाठी ठेवली गेली. कारण चर्चेत त्या मुलाच्या वतीनं बोलणारं कोणीतरी होतं.

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. त्याच्याकडे पुन्हा येतो. त्याआधी दोन उलटी उदाहरणं.

पहिलं, रिक्वेस्ट्स. इंटरनेटवरून माहिती मागवायची ही लायब्ररी इतकी लोकप्रिय आहे की पायथॉनचे स्वतःचे अधिकृत कागदच तिची शिफारस करतात. २०१५ मध्ये ती डब्यात घ्यायची का, यावर चर्चा झाली आणि घ्यायची नाही असं ठरलं. कारण पटण्यासारखं आहे. इंटरनेटच्या सुरक्षेचं काही बिघडलं तर दुरुस्ती त्याच दिवशी लोकांपर्यंत जायला हवी. डबा तेव्हा साधारण दीड वर्षानं यायचा, आता वर्षातून एकदा येतो. दूध फडताळात ठेवत नाहीत, रोज ताजं आणतात. उलट टॉमल नावाच्या फायली वाचणारी छोटी लायब्ररी २०२२ मध्ये पायथॉन ३.११ च्या डब्यात आली. ती तिथे हवीच होती. नवी लायब्ररी बसवण्याच्या सूचना ज्या फाइलमध्ये असतात, ती टॉमलमध्ये लिहिलेली असते. दुकानाची पाटी वाचता येण्यासाठी लागणारा चष्मा त्याच दुकानात ठेवला, तर माणूस पाटी वाचणार कशी?

दुसरं उदाहरण जावास्क्रिप्टचं. तिथे डबा फार हलका होता. इतका की शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळ्या जागा किंवा शून्यं भरून त्याची लांबी सारखी करायची, एवढ्याशा कामासाठीही लोक बाहेरून लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची लायब्ररी आणत. मार्च २०१६ मध्ये तिच्या लेखकाचा भांडाराच्या चालकांशी दुसऱ्याच एका नावावरून वाद झाला आणि त्यानं आपलं सगळं साहित्य काढून घेतलं. त्या अकरा ओळींवाचून जगभर हजारो प्रकल्प अडले. काही तासांत ती परत ठेवली गेली, आणि २०१७ मध्ये ते काम भाषेतच घेतलं. डबा जड असला तर जुना होतो, आणि रिकामा असला तर परक्याच्या मर्जीवर राहावं लागतं.

यातला मध्यम मार्गही काहींनी करून पाहिला. हॅस्केल या भाषेच्या लोकांनी २००९ मध्ये हॅस्केल प्लॅटफॉर्म काढला. त्यात भाषा, बांधणीची साधनं आणि निवडक लायब्रऱ्या एकत्र होत्या. नवी लायब्ररी घ्यायची तर प्रस्ताव, चर्चा, मग सहमती. पद्धत अगदी न्याय्य होती. पण सहमतीला वेळ लागतो आणि बाहेरचं जग थांबत नाही. शेवटी २०२२ पर्यंत तो बंद झाला आणि लोक फक्त साधनं बसवून देणाऱ्या हलक्या इन्स्टॉलरकडे वळले. भाचा म्हणाला, "बघा मामू, शेवटी डबा हरला."

मी म्हणालो, "ज्याच्या घरी फायबर आहे, त्याच्यासाठी हरला. माझ्या लॅबमध्ये नाही."

आणि इथे मला माझ्या विषयातलं बोलायचं आहे. आमच्या एका विद्यार्थिनीनं वर्गाच्या हजेरीची उर्दू यादी पायथॉनकडून क्रमानं लावून घेतली. भाषेतच दिलेली एका शब्दाची आज्ञा. यादी आली, पण वसीमच्या नंतर परवीन, मग चाँद, मग कौसर, मग गुलनाज़! ती म्हणाली, "सर, याला अलिफ-बे येत नाही." खरंच येत नाही. डब्यात आलेली आज्ञा अक्षरांच्या युनिकोड क्रमांकावर क्रम लावते. त्या तक्त्यात अरबी अक्षरं आधी बसली. पे, टे, चे, डाल, गाफ ही अरबीत नसलेली अक्षरं मागाहून पुढच्या क्रमांकांवर आली. उर्दूचा काफही त्यांच्यातच. म्हणून 'पे'वाल्या सगळ्या मुली 'वाव'वाल्यांच्या मागे उभ्या.

मराठीची अवस्था थोडी बरी, पण पूर्ण बरी नाही. वर्णमालेत शेवटी येणारा 'क्ष' इथे 'कौ'च्या मागोमाग, 'क'च्याच रांगेत उभा राहतो. 'ॲ' हा स्वर 'ह'च्याही पलीकडे जातो. 'क्षि' या एका अक्षराची लांबी विचारली तर उत्तर चार येतं. इंग्रजी नावांची यादी मात्र पहिल्याच फटक्यात बरोबर लागते.

यावर उपाय नाही असं नाही. आयसीयू नावाची मोठी लायब्ररी आहे, तिला जगातल्या शेकडो भाषांचे क्रम, तारखा, आकडे ठाऊक आहेत. पायथॉनसाठी ती बाहेरून आणावी लागते. जावास्क्रिप्ट मशीनवर चालवणाऱ्या नोड या प्रणालीत ती होती, पण आकार लहान राहावा म्हणून बराच काळ तिच्यातला फक्त इंग्रजीचा साठा डब्यात यायचा. बाकी जगानं आपापली भाषा वेगळी आणायची. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या नोड १३ पासून सगळ्या भाषांचा पूर्ण साठा सोबत येऊ लागला. कोणाच्या मनात दुष्टावा होता असं मला वाटत नाही. जागा वाचवायची होती, एवढंच. पण जागा वाचवायची वेळ येते तेव्हा आधी कोणाचं सामान बाहेर जातं, हे आपण एसटीच्या प्रवासापासून पाहत आलो आहोत.

पण आत घेतलं म्हणजे सगळं ठीक झालं, असंही नाही. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ च्या स्टँडर्ड लायब्ररीत हिजरी कॅलेंडर आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. मग बारकाईनं पाहिलं, तर ते सौदी अरेबियाच्या उम्मुल कुरा या गणिती कॅलेंडरवर आधारलेलं आहे. आपल्याकडे महिना सुरू होतो चाँद दिसल्यावर, आणि अनेकदा तो सौदीच्या एक दिवस मागे असतो. उद्या आमच्या एखाद्या मुलानं त्यावरून मोहल्ल्याच्या मशिदीचं रमजानचं वेळापत्रक छापलं, तर? चूक जावाची नाही. कोणत्या पद्धतीनं गणित केलं हे तिनं लिहून ठेवलं आहे. पण डब्यातून आलं म्हणून ते शेवटचं सत्य मानायचं नसतं, हे मुलांना शिकवणं आमचं काम आहे. आणि याच यादीत जपानी, थाई बौद्ध आणि तैवानचं मिंगुओ कॅलेंडर आहे. आपल्या देशाचं अधिकृत शक कॅलेंडर मात्र नाही.

तर डब्यात काय असावं? एवढं वाचून-विचारून माझ्यापुरतं उत्तर असं झालं आहे. जे रोज बदलतं ते बाहेर असू दे. जे बाहेर सहज आणि चांगलं मिळतं तेही बाहेर असू दे, सांभाळणाऱ्यांवर ओझं नको. ज्याच्यावाचून बाहेरचं काही आणताच येत नाही ते आत हवं. आणि ज्याची गरज आहे पण मागणारा त्या चर्चेत बसलेला नाही, त्याच्यासाठीही आत थोडी जागा हवी. माणसाचं नाव त्याच्या लिपीत, त्याच्या क्रमानं लावता येणं ही चैन नाही. हजेरीत 'पे'ची जागा 'बे'नंतर असते. ती दाखवायला एखाद्या मुलीला चांगल्या इंटरनेटची वाट पाहावी लागू नये.

भाच्यानं त्यावर जे उत्तर दिलं, ते मला खोडता आलं नाही. "मामू, मागणारा नसतो हे खरं. पण दार बंद नाहीये. प्रस्ताव सगळ्यांसमोर मांडले जातात, चर्चा कोणालाही वाचता येते, भाग घेता येतो. प्रस्तावाला त्यांच्यातल्या एकाचा पाठिंबा मिळवावा लागतो, एवढंच. आपल्यातलं कोण जातं?"

आमच्या लॅबमध्ये शेवटी प्रत्येक मशीनवर पायथॉन, आयसीयूची लायब्ररी, उर्दू-मराठीचे चार चांगले फाँट आणि मदतीची कागदपत्रं इंटरनेटशिवाय उघडतील अशी भरून ठेवली. पासवर्डचं धड्यांत काही नको, असं कॉम्प्युटरच्या सरांनी ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. आवाज काढणारं वेव्ह डब्यात आधीच होतं. मुलं पहिल्या आठवड्यात तिथेच अडकली, लॅबमधून दिवसभर शिट्ट्या आणि भोंगे ऐकू येत होते.

यादीवाल्या मुलीनं आता तिच्या कार्यक्रमात आयसीयू जोडलं आहे. परवीन तिच्या जागी आली. तिनं मला विचारलं, "सर, हे आधीपासून आत का नव्हतं?" मी तिला चर्चा कुठे चालते ते दाखवलं. सगळी इंग्रजीत आहे, तिला अजून निम्मी कळत नाही. इंग्रजीच्या बाईंकडे ती आता जादा तास मागते आहे.